व्ल्कोलिनेत्स रिकामं नाही

स्लोव्हाकियातल्या व्ल्कोलिनेत्सला कुणीतरी ‘पर्यटकांसाठी जपलेलं रिकामं गाव’ म्हटलंय, ते मनाला लागलं. मोजकी का होईना, माणसं आजही तिथे राहतात! रुझोम्बेरोक शहराजवळच्या डोंगरातलं हे गाव. पहिली नोंद १३७६ ची, नावात ‘व्ल्क’ म्हणजे लांडगा. ओंडक्यांच्या भिंती मातीने लिंपून वर चुना. काही घरं पांढरी, काही फिकट निळी. मधून ओहोळ वाहतो, शेजारी १७७० चा लाकडी घंटामनोरा. १९४४ च्या नाझींविरुद्धच्या स्लोव्हाक उठावाच्या वेळी जर्मन सैन्याने काही घरं जाळली, हे विसरू नये. उरलेल्या सुमारे ४५ लाकडी घरांमुळेच १९९३ मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारसा मानलं. तिथे जाल तेव्हा खिडक्यांतून आत डोकावू नका, ती कुणाची तरी राहती घरं आहेत.