अनुभव धागा: नावात संत्र असलेली पुस्तकं

मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या संत्र्यांचा, तोडा आमच्याकडं आता संपत आला आहे. वरूड तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालय म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि एक सतरंजी. ती मी सांभाळते. माझी पुतणी नागपूरला इंग्रजी घेऊन एम.ए. करते. दिवाळीला येताना तिनं सहा पुस्तकं आणली. सगळ्यांच्या नावात ऑरेंज. "काकू, संत्र्याच्या गावात हीच नको का वाचायला?" म्हणाली.

मग दर रविवारी संध्याकाळी ती वाचायची आणि अडेल तिथं मराठीत सांगायची. ज्यांना इंग्रजी जमतं त्यांनी पुस्तकं घरी नेली. आजूबाजूच्या तालुक्यांतूनही काही जण आले. शेवटी मी सगळ्यांना एकच विनंती केली की समीक्षा नको, हे वाचताना किंवा ऐकताना तुमचं काय झालं तेवढं सांगा. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांचं मी लिहून घेतलं, जसं बोलले तसंच.

आधी एक खुलासा. या पुस्तकांतलं ऑरेंज म्हणजे आपलं संत्र नव्हे. ते घट्ट सालीचं, आपल्या मोसंबीच्या कुळातलं फळ. आपलं नागपुरी संत्र सैल सालीचं, अंगठा घातला की उघडणारं. पहिल्या रविवारी यावरच अर्धा तास गेला. पण आता तुम्हीही लिहा. पुस्तक वाचलेलं असो की नुसतं ऐकलेलं.

मोर्शी तालुका, बागायतदार, वय ६१

मला जॉन मॅकफी यांचं 'ऑरेंजेस' मिळालं. १९६७ चं आहे. गोष्ट नाही, फ्लोरिडातल्या बागांचं वर्णन आहे. मुलगा वाचत होता, मी खाटेवर पडून ऐकत होतो. कलमाचा भाग आला तसा उठून बसलो. तिथंही बी लावून बाग करत नाहीत, खुंटावर, म्हणजे मुळं देणाऱ्या रोपावर, चांगल्या झाडाचा डोळा भरतात, आणि तेव्हा रेताड जमिनीत खुंट कोणता, तर रफ लेमन. म्हणजे आपली जंबेरी! शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकांतून मी जी कलमं आणली ती जंबेरीवरची, आणि सातासमुद्रापलीकडचा शेतकरीही त्याच खुंटावर उभा होता. मुलाला म्हटलं, ते पान पुन्हा वाच.

पुढं लिहिलं आहे की फळाचा देठाकडचा अर्धा भाग कमी गोड असतो आणि फुलाकडचा, म्हणजे खालचा, जास्त. चाळीस वर्षं संत्री तोडली, हे कधी तपासलं नव्हतं. त्याच संध्याकाळी तीन फळं आडवी कापली. नातीला काही न सांगता एकदा वरचं अर्धं दिलं, एकदा खालचं. तिन्ही वेळा तिनं खालचं मागितलं.

रंगाचंही तसंच. फळ पिकणं वेगळं, साल पिवळी होणं वेगळं, रंग थंड रात्रींनी चढतो असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. आंबियाचं, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या बहाराचं, फळ ऑक्टोबरात आतून तयार असतं, वरून हिरवट असतं, आणि त्या हिरव्यावर आमचा भाव पडतो. हे पान मराठीत करून बाजारात लावावं असं मला मनापासून वाटतं.

काटोल तालुका, निवृत्त शिक्षक

अँथनी बर्जेस यांचं 'अ क्लॉकवर्क ऑरेंज', १९६२. संत्र शोधायला गेलो तर एकही झाड नाही. पंधरा वर्षांचा पोरगा, त्याची टोळी, मारहाण. दोनदा मिटून ठेवलं. मी एकतीस वर्षं त्याच वयाच्या मुलांना शिकवलं आहे, त्यामुळे ते कागदावरचं रक्त म्हणून मला वाचता येईना.

नंतर पोरांच्या भाषेनं धरून ठेवलं. लेखकानं त्यांच्यासाठी रशियन शब्द मोडूनतोडून एक बोलीच तयार केली आहे. पहिल्या वीस पानांत काही कळत नाही, मग आपोआप कळू लागतं. पहिलीत आलेल्या माझ्या मुलांना पुस्तकातली मराठी अशीच लागायची. घरी 'मले, तुले' आणि पुस्तकात 'मला, तुला'. सुरुवातीला मी ते चुकीचं म्हणून खोडायचो. आज त्याचं वाईट वाटतं.

सरकार त्या पोराला इलाज करून चांगला करतं, इतका की त्याला वाईट वागताच येत नाही. जिवंत, रसाचं फळ आणि आत चावी भरलेलं यंत्र, असा त्या नावाचा अर्थ. मूळ पुस्तकात २१ प्रकरणं आहेत. अमेरिकेतल्या आवृत्तीत शेवटचं प्रकरण वर्षानुवर्षं छापलंच नाही, आणि तो पोरगा स्वतःहून मोठा होतो ते नेमकं त्याच प्रकरणात आहे. ते वगळणाऱ्याचा मला राग आला. माझे कितीतरी विद्यार्थी विसाव्या प्रकरणापर्यंत कुणाला बघवत नव्हते.

वरूड, अडतीचं काम, वय ३७

दोन रविवार बसलो. सहा पुस्तकांत चुरीबद्दल मला तरी काही ऐकू आलं नाही. लहान फळ, डागी फळ, जे कुणी घेत नाही आणि रस्त्याच्या कडेला ढीग पडतो ते. बांगलादेशनं आयात शुल्क वाढवत नेलं, २०२३ मध्ये किलोला ८८ टका (त्यांचं चलन) केलं, तेव्हा चांगलं फळही चुरीच्या भावात गेलं. त्यावर कुणीतरी लिहावं. मी माहिती द्यायला तयार आहे.

नरखेड तालुका, गृहिणी, वय ४४

जानेवारी-फेब्रुवारीत आंबियाचा फुलोरा आला की आमच्या गावात बाहेरून आलेला माणूस रस्त्यात थांबून वास घेतो. मी दारं-खिडक्या लावून घेते. मला अर्धशिशी आहे. त्या वासानं डाव्या डोळ्याच्या मागं सुरू होतं आणि मग दिवस जातो. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "संत्र्याच्या घरात येऊन संत्र्याचा वास सहन नाही होत, हे काय सोंग?" बाईंना मी आता दोष देत नाही. त्यांनी असलं दुखणं पाहिलंच नव्हतं. पण तो 'सोंग' शब्द बावीस वर्षं माझ्यासोबत आहे.

जोअन हॅरिस यांच्या 'फाइव्ह क्वार्टर्स ऑफ द ऑरेंज'मध्ये (२००१) माझ्यासारखी बाई आहे. फ्रान्समधलं नदीकाठचं खेडं, जर्मन फौजांचा ताबा, विधवा आई आणि तीन मुलं. पोरांची नावंसुद्धा फळांवरून ठेवलेली. आईचं डोकं दुखायचं असलं की आधी तिला संत्र्याचा वास येऊ लागतो, घरात संत्र नसलं तरी. ती पोरांना विचारते की कुणी संत्र आणलं का. वाचनालयाच्या काकूंच्या पुतणीनं हे वाचलं आणि मी पदर तोंडाला लावून बसले. आजवर मला कुणी असं आतून सांगितलं नव्हतं, डॉक्टरनंही नाही.

पुढं नऊ वर्षांची धाकटी पोरगी, फ्रांब्वाज, संत्र्याची साल जपून ठेवते आणि मुद्दाम घरात लपवते. आई पडली की पोरं नदीवर मोकळी. ऐकताना माझी मुलगी शेजारी होती. चौदा वर्षांची. घरी जाताना धुऱ्यावरून चालता चालता म्हणाली, "आई, तू खोली बंद करून पडायचीस ना, तेव्हा आम्ही कॅनॉलवर जायचो. तू उद्याही पडून राहावीस असं मला एकदा वाटलं होतं." मी काही बोलले नाही, तिचा हात धरला. तिनं कधी साल लपवली नाही, पण आठ वर्षं हे पोटात ठेवलं होतं.

अजून एक सांगायचं आहे. त्या पुस्तकातली आई गेल्यावर मुलाला शेत मिळतं, मोठ्या मुलीला तळघरातली वाइन, आणि धाकटीला एक वही. त्यात स्वयंपाकाच्या कृती आणि मधेमधे आईनं स्वतःच्या गुप्त भाषेत लिहिलेलं. माझ्या आईचंही एक बाड आहे, लोणच्याच्या प्रमाणांचं. वहिनीनं फेकायला काढलं होतं, ते मी मागून आणलं. त्यात लिंबाच्या लोणच्याखाली एका ओळीत लिहिलं आहे, "आज कोणीच जेवले नाही." तारीख नाही. तो दिवस कोणता, हे सांगणारं आता माहेरी कुणी उरलं नाही.

अमरावतीला शिकणारी, गाव चांदूर बाजार तालुक्यात

जनेट विंटरसन यांचं 'ऑरेंजेस आर नॉट द ओन्ली फ्रूट', १९८५. प्रकरणांची नावं बायबलच्या पहिल्या आठ पुस्तकांची. धर्मानं भारलेली आई, दत्तक मुलगी. मुलीला ऐकू येईनासं होतं, चर्चच्या लोकांना वाटतं की तिच्यात देव संचारला. शेवटी ती दवाखान्यात भरती होते आणि आई तिला संत्री पाठवते. आईच्या लेखी फळ एकच, बाकीची नाहीतच.

मी बारावीत टायफॉइडनं भरती होते तेव्हा बाबा रोज पिशवीभर संत्री आणायचे. मला नकोशी झाली होती. पण त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं, आणि सोलताना त्यांची नखं पिवळी झालेली असायची. म्हणून त्या आईवर मला पूर्ण रागावता आलं नाही.

मुलगी मोठी होते आणि एका मुलीवर प्रेम करते. चर्चमध्ये तिचं भूत काढायला बसतात. वाचनालयात हा भाग मीच वाचला आणि आवाज कापत होता. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागं बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "लेकराले घराबाहेर काढाचं काम काय होतं?" एवढंच. पण त्या रात्री मी माझ्या मैत्रिणीला फोन केला, जिला वर्षभर केला नव्हता.

वरूड तालुका, अकरावी

मी 'द ऑरेंज गर्ल' वाचलं, यूस्टाइन गॉर्डर यांचं, नॉर्वेचं, २००३ चं. पंधरा वर्षांच्या मुलाला त्याच्या वारलेल्या वडिलांचं पत्र सापडतं, लहानपणीच्या बाबागाडीच्या अस्तरात लपवलेलं. त्यात ट्राममध्ये संत्र्यांची मोठी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या मुलीची गोष्ट आहे.

माझे बाबा मी सातवीत असताना गेले. पत्र वगैरे नाही. पण पुस्तक संपल्यावर मी फवारणीच्या पंपाजवळची पेटी उघडली. त्यात त्यांची खिशातली डायरी होती. "ओळ ७, झाड ३, डिंक्या. साल खरवडून बोर्डो लावले." "ताण तोडला, पाणी दिले." असं पानोपानी. डिंक्या म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग, बोर्डो त्यावरचं औषध, आणि ताण म्हणजे फुलोऱ्यासाठी पाणी बंद ठेवणं. मी सातव्या ओळीत गेलो. तिसरं झाड आहे. बुंध्यावर खरवडल्याची जागा भरून आली आहे, हात लावला की कड लागते.

मोर्शी तालुका, प्रकल्पग्रस्त, वय ६७. सांगितलेलं लिहून घेतलं

आमचं गाव धरणात गेलं. मी तवा जवान होतो. बाग होती दोनशे झाडायची, बापानं लावलेली. मोबदला भेटला तो पैशाचा भेटला, झाडायचा काय हिशेब लावला ते मले आजवर समजलं नाई.

या पोरीनं ते अरबी माणसाचं वाचून दाखवलं, घसान कनफानीचं. पॅलेस्टाइनचा माणूस, छत्तीस वर्साचा असतानी मारला त्याले. गोष्टीचं नाव उदास संत्र्यायचा देश. १९४८ साली लोकं गाव सोडून ट्रकमंदी निंगतात. वाटेत सीमेपाशी एक शेतकरी संत्र्याची टोपली घेऊन बसला असते. बाया उतरतात, संत्री घेतात, रडतात. मंग बाप उतरते. एक संत्र हातात घेते, त्याच्याकडं नुसता पाह्यते, अन् लहान लेकरावानी रडते. मी तिले म्हणलं, थांब माय, जराक पाणी पिऊ दे.

त्याच्यात एक शेतकरी म्हणते, पाणी देणारा हात बदलला का संत्र्याचं झाड सुकते. अन् शेवटी त्या बापाच्या उशाशी बंदूक अन् एक सुकलेलं संत्र पडलं असते. हे खरं हाय. पण सगळं खरं नाई, म्हून सांगतो.

पाणी चढाच्या आधीच्या हिवाळ्यात मी बापाच्या झाडायवरून डोळकाड्या काढल्या. ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, सायकलीले बांधल्या अन् नव्या गावठाणात आणल्या. जंबेरीचे खुंट उधारीत घेतले. चाळीस डोळे भरले माह्या हातानं. माती मुरमाड, पाणी खारं. अकरा जगले. बाप रोज सकाळी येऊन त्यायले मोजे. त्याचं डोकं मंग मंग काम करे ना, पण अकराचा आकडा त्यानं कधी चुकवला नाई.

आता त्यातले चार हायत. यंदा मृगाची फळं लहान आली, पण गोड हायत. पोरीले पिशवीभर देल्ली, म्हणलं त्या पुस्तकापाशी ठेव.