आठव्या पिढीआधीच्या संगणकांवर विंडोज ११ टाकावे का?

जुना_कीबोर्ड (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे दोन संगणक आहेत. एक डेस्कटॉप असून त्यात इंटेलचा सहाव्या पिढीचा आय५-६५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी आहे. दुसरा कोअर २ ड्युओ प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असलेला जुना लॅपटॉप आहे. दोन्हींवर विंडोज १० चालू आहे. त्याचा नियमित आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारी अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी तपासणी केली तर दोन्ही यंत्रे अपात्र ठरतात. डेस्कटॉपवर माझे रोजचे हिशेब आणि पत्रव्यवहार असतात. लॅपटॉप वाचन आणि ईमेल एवढ्यापुरताच वापरला जातो.

ही तपासणी ओलांडण्याच्या युक्त्या जागोजागी सापडतात, परंतु त्यानंतर काय होते याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. यंत्र नेमके कशामुळे नाकारले जाते, पुढे सुरक्षा अपडेट येत राहतात का, आणि डिस्कवरील फाइली न पुसता हे साधते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सर्किट

दोन्ही यंत्रांना नकार एकच मिळाला असला, तरी कारणे वेगळी आहेत. काही अटी बायॉसमधील (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरील मूळ प्रोग्राममधील) बंद सेटिंगमुळे अपुऱ्या राहतात, काही केवळ कंपनीच्या धोरणामुळे, आणि काही खरोखर प्रोसेसरच्या कुवतीबाहेरच्या असतात. आपली अडचण यांपैकी कोणती, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही युक्तीला हात लावू नये.

डेस्कटॉपबद्दल आधी सांगतो. विंडोज ११ ची एक अट टीपीएम २.० ही आहे. टीपीएम म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय. विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत टीपीएम डॉट एमएससी असे रोमन अक्षरांत लिहा. उघडणाऱ्या खिडकीत टीपीएम सापडत नाही असा संदेश आला, तरी लगेच निराश होऊ नका. सहाव्या पिढीच्या पुष्कळ मदरबोर्डांवर इंटेल पीटीटी ही सोय असते, म्हणजे वेगळी चिप न लावता फर्मवेअरमधूनच टीपीएम २.० मिळते, मात्र ती बायॉसमध्ये बहुधा बंद ठेवलेली असते. ती चालू करण्याआधी एक काळजी घ्या: डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारे विंडोजचे संरक्षण) चालू असेल, तर बायॉसला हात लावण्यापूर्वी ते तात्पुरते स्थगित करा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. नाहीतर पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना तीच ४८ अंकी संख्या मागितली जाईल, आणि ती हाताशी नसेल तर आपलाच डेटा आपल्याला उघडता येणार नाही.

दुसरी अट सिक्युअर बूटची, म्हणजे सुरू होताना फक्त खात्रीचेच सॉफ्टवेअर चालू देण्याची. त्यासाठी यंत्र युईएफआय या नव्या पद्धतीने सुरू व्हावे लागते. विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेले असेल, तर डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या प्रकारची असते. विंडोज १० मध्येच असलेले एमबीआरटूजीपीटी हे साधन ती मांडणी फाइली न पुसता जीपीटी या नव्या प्रकारात बदलते. क्रम मात्र चुकवू नका: आधी डिस्कची मांडणी बदलायची आणि मगच बायॉसमध्ये युईएफआय निवडायचे.

एवढे करूनही प्रोसेसरची अट उरतेच, कारण इंटेलची अधिकृत यादी, सातव्या पिढीतील मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. ही रेषा निव्वळ मनमानीने ओढली आहे असे मला वाटत नाही. विंडोज ११ मधील मेमरी इंटिग्रिटी (विंडोजच्या गाभ्यात परका कोड शिरू न देणाऱ्या) या संरक्षणाला लागणारी एमबीईसी ही सोय इंटेलने सातव्या पिढीपासून प्रोसेसरमध्येच दिली. त्याआधीच्या प्रोसेसरांवर तेच काम सॉफ्टवेअरने भागवावे लागते आणि त्याचा भार वेगावर पडतो. तरीही हे कारण यंत्र मंदावण्याचे आहे, ते बंद पडण्याचे नव्हे. म्हणून आपला डेस्कटॉप विंडोज ११ चालवू शकेल, असे माझे मत आहे.

पद्धत अशी: रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंग जिथे साठवल्या जातात त्या कोठाराच्या) लोकल मशीन विभागात सिस्टिम, सेटअप आणि एमओसेटअप या क्रमाने जा, तिथे ‘अलाऊ अपग्रेड्स विथ अनसपोर्टेड टीपीएम ऑर सीपीयू’ या नावाची, सर्व शब्द सलग लिहिलेली, डीवर्ड (संख्या साठवणाऱ्या) प्रकारची नोंद करा आणि तिचे मूल्य १ ठेवा. मग मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून घेतलेली विंडोज ११ ची आयएसओ फाइल, म्हणजे ते टाकण्याची पूर्ण प्रत, चालू विंडोजमध्येच उघडून सेटअप चालवा आणि फाइली व ॲप कायम ठेवण्याचा पर्याय निवडा. ही नोंद मायक्रोसॉफ्टनेच एके काळी सांगितली होती. पुढे तिने तो मजकूर काढून टाकला. या नोंदीचा उपयोग होण्यासाठी किमान टीपीएम १.२ लागते. टीपीएम मुळीच नसेल, तर रुफस या साधनाने तपासण्या गाळलेला पेन ड्राइव्ह तयार करता येतो.

आता अपडेटचे. दरमहाची सुरक्षा अपडेट अशा यंत्रांवर प्रत्यक्षात येत आहेत, पण ती येतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. वर्षातून एकदा निघणारी मोठी आवृत्ती मात्र आपणहून येत नाही. ती आयएसओ घेऊन हाताने टाकावी लागते. होम आणि प्रो यांच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिनेच आधार असतो, त्यामुळे हे काम टाळले तर यंत्र पुन्हा आजच्याच जागी येऊन ठेपते. एकदा टाकून विसरून जाणार असाल, तर हा मार्ग धरू नका.

हिशेबवही

वरील तांत्रिक माहितीशी मी सहमत आहे, निष्कर्षाशी पूर्णपणे नाही. ज्या यंत्रावर रोजचे हिशेब आहेत, त्यावर घाईने हा प्रयोग करण्याचे कारण मला दिसत नाही. विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीसाठी घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिलेली आहे, आणि तिच्यासाठी मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी करावी लागते. तेवढ्या अवधीत शांतपणे निर्णय घेता येईल.

तरीही करायचेच असेल, तर संपूर्ण डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या, आणि त्या प्रतिमेतून एखादी फाइल खरोखर परत मिळते का हेही करून पाहा. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबणे धोक्याचे आहे. अपग्रेडनंतर जुन्या विंडोजकडे परतण्याची सोय साधारण १० दिवसच राहते. त्या १० दिवसांत प्रिंटर, स्कॅनर आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर अगत्याने वापरून पाहा.

जुना_कीबोर्ड

दोघांचेही मनापासून आभार. बायॉसमध्ये पीटीटी सापडले. चालू केल्यावर खिडकीत आवृत्ती २.० दिसते. डिस्क एमबीआर प्रकारची आहे, म्हणून आधी प्रतिमा काढून मगच पुढे जाईन. लॅपटॉपबद्दल विचारायचे राहिले: कोअर २ ड्युओवर विंडोज ११ चालल्याची वर्णने मी वाचली आहेत. ती खरी असतील का?

बूट_क्रम

ती वर्णने आपल्या काळापुरती खरी आहेत. विंडोज ११ च्या २३एच२ पर्यंतच्या आवृत्त्या, तपासणी ओलांडली की, अशा प्रोसेसरांवर चालत असत. २४एच२ पासून मात्र विंडोजच्या गाभ्यालाच पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या आज्ञा लागतात. इंटेलच्या बाजूला त्या २००८ साली आलेल्या पहिल्या कोअर आय मालिकेपासून आहेत. कोअर २ मध्ये नाहीत. प्रोसेसरला जी आज्ञा मुळात कळतच नाही, ती रजिस्ट्रीतील नोंदीने शिकवता येत नाही, त्यामुळे यंत्र सुरूच होणार नाही. २३एच२ च्या होम आणि प्रो आवृत्त्यांचा आधारही ११ नोव्हेंबर २०२५ रोजी संपला आहे, म्हणजे ती टाकून काही साधणार नाही.

वाचन आणि ईमेल एवढाच उपयोग असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकावी, असे मी आग्रहाने सुचवेन. तिला २०२९ पर्यंत आधार आहे, आणि इथे कोणतीही तपासणी चुकवावी लागत नाही. ४ जीबी रॅमवर प्रणाली स्वतः हलकी चालते. अडखळतो तो ब्राउझर, म्हणून एका वेळी थोडेच टॅब उघडे ठेवा. लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्डडिस्क असेल, तर तिच्या जागी साटा एसएसडी बसवल्याने जो फरक पडेल, तो कोणत्याही प्रणालीच्या निवडीने पडणार नाही.

टाकण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरूनच मिंट सुरू करून एक संध्याकाळ वापरा. वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र नीट जागे होते का, हे सगळे डिस्कला धक्का न लावता कळते. यांपैकी वाय-फाय अडले, तर प्रयत्न सोडण्याआधी केबल लावून ड्रायव्हर मॅनेजर उघडा. जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचे ड्रायव्हर बहुधा तिथेच मिळतात.