घरी बार वर्कआउट: खरंच पुरेसं आहे का?

रानजाई
माझं मत सरळ मांडते. जिमला जाणं जमत नाही आणि घरात उड्या मारल्या की खालच्या मजल्यावरून तक्रार येते, अशांसाठी बार वर्कआउटइतका सोयीचा व्यायाम दुसरा नाही. बॅले नर्तक कठडा, म्हणजेच ‘बार’, धरून सराव करतात, त्यातून हा प्रकार निघाला. जर्मनीतून इंग्लंडला आलेल्या लोटे बर्क या नर्तकीने तो बसवला आणि १९५९ मध्ये लंडनला स्टुडिओ काढला. पण नाच यावाच लागतो असं नाही. गुडघे वाकवून थांबायचं, टाचा उचलायच्या, त्याच स्थितीत इंचभर खाली-वर होत राहायचं. थोड्याच वेळात मांड्या थरथरायला लागतात.

व्हिडिओ निवडताना मी एकच बघते: शिकवणारी गुडघा कुठे हवा ते सांगते का, आणि न जमणाऱ्यांना सोपा पर्याय देते का. नुसते आकडे मोजत असेल तर तो व्हिडिओ सोडून द्यावा.

लोखंडी
असहमत. थरथर म्हणजे स्नायू थकला, एवढंच. ताकद वाढवायची तर भार टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. इथे अर्धा-एक किलोची डंबेल्स वर्षानुवर्षं तीच राहतात. वर ‘लांब, सडपातळ स्नायू’ मिळतील अशी जाहिरात करतात, ती तर दिशाभूल आहे. स्नायू हाडाला कुठे जोडलेला आहे ते जन्मतः ठरलेलं असतं, कठडा धरून ते बदलत नाही. पन्नाशीच्या पुढच्या बायकांना हाडांसाठीही भार हवा. पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून खुर्चीवरून उठबस करा. फुकट आहे, आणि पुढच्या महिन्यात पिशवी मोठी घेता येते.

रानजाई
जाहिरातीबद्दल सहमत. पण जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. रोजचं झपझप चालणं अधिक दोन-तीन दिवस बार, एवढ्यावर सुरुवात नक्की होते. कधीच व्यायाम न केलेल्या बाईला पहिल्या दिवशी पिशवी उचलायला सांगितली तर ती दुसऱ्या दिवशी येणार नाही.

फिजिओताई
मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. बऱ्याच व्हिडिओंत ‘टक’ करायला सांगतात, म्हणजे ओटीपोट आत घेऊन माकडहाड खाली वळवायचं. क्षणभर ठीक, पण अख्खा वेळ तसंच धरून ठेवलं तर काहींची कंबर दुखते. कमरेचा नैसर्गिक बाक राहू द्या. हाडं ठिसूळ असतील तर चटईवरचे पोटाचे प्रकार, ज्यात पाठ गोल करून उठतात, ते टाळा. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू दुभंगलेले असतील तर आधी तपासून घ्या.

आणि आधार! हलकी प्लास्टिकची खुर्ची एका बाजूने भार आला की उलटते. जड लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. स्वयंपाकाचा ओटा भक्कम असतो, पण उंच व्यक्तीला तो बुटका पडतो आणि ती पुढे झुकते. आधार साधारण कमरेच्या उंचीचा असावा, कोपर किंचित वाकलेलं, हात नुसता टेकलेला. ओढायचं नाही. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून तर मुळीच नको, अनवाणी करा.

अर्धमंडल
लहानपणी भरतनाट्यम शिकले, म्हणून एक भर घालते. पावलं बाहेर वळवून गुडघे वाकवायचे, हे आमच्या अरमंडीच्या जवळचं आहे. तिथे पहिला धडा असतो तो मांडी खुब्यापासून वळवण्याचा. व्हिडिओतली बाई पावलं जवळजवळ सरळ रेषेत वळवते ते बघून आपण नुसती पावलं फिरवतो आणि पीळ गुडघ्यावर येतो. पावलं थोडीच वळवा, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला हवा. दुखलं तर कमी वाका. माझ्या मते लोखंडी यांची पिशवी आणि हे, दोन्हींत सगळ्यात आधी हेच शिकायला हवं.

लोखंडी
गुडघ्याचं मान्य, माझ्या उठबशीलाही तेच लागू आहे. पण मूळ मुद्दा सोडत नाही. तीन महिन्यांनी तुमचा तोच व्हिडिओ, तीच डंबेल्स असतील तर ताकद तिथेच थांबलेली असणार. रानजाई, पुढची पायरी काय?

रानजाई
पुढची पायरी आहे. हात सोडून एका पायावर टाचा उचलायच्या. मग त्याच प्लिएमध्ये, म्हणजे पावलं बाहेर वळवून गुडघे वाकवलेल्या स्थितीत, हातात दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या. तुमच्या पाच किलोंपर्यंत पोचायला वेळ लागेल, पण लोक तोवर टिकून राहतील, आणि माझ्यासाठी ते जास्त मोलाचं आहे.

फिजिओताई
बाटल्या घेतल्या की आधाराला हात उरत नाही. ज्यांचा तोल जातो त्यांनी एकाच हातात बाटली घ्यावी, दुसरा हात ओट्यावर.