मदत हवी आहे: स्केचअपमध्ये कौलारू छपराच्या कैच्या आणि सेक्शन

नमस्कार मंडळी,

श्रीवर्धन तालुक्यात आमचं जुनं घर आहे, चिऱ्याच्या भिंती, दुपाखी कौलारू छप्पर, पुढे पडवी आणि ती पडवी एका बाजूला वळून पार विहिरीच्या अंगाला जाते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात समुद्राकडचं अख्खं पाखं गेलं, आढं मोडलं आणि पाऊस तोंडावर म्हणून बाबांनी घाईघाईत वर पत्रे टाकून घेतले. ते पत्रे अजून आहेत. उन्हाळ्यात दुपारी माजघरात बसवत नाही आणि पावसाळ्यात शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. आता परत कौलंच घालायची असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय, फक्त सागाच्या कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) परवडत नाहीत म्हणून लोखंडी करायच्या. फॅब्रिकेटर म्हणतो ड्रॉइंग द्या, नाहीतर मी माझ्या अंदाजाने करतो. मला अंदाजाने नकोय, एकदा अर्धं घर उडालेलं बघितलंय.

मी बँकेत नोकरीला, या क्षेत्रातला नाही. आधी कॉम्प्युटरवर घराचं मॉडेल करायला स्वीट होम थ्रीडी वापरलं, भिंती छान झाल्या, एका टोकाला उंच दुसऱ्या टोकाला ठेंगणी अशी तिरकी भिंतही करता येते, पण छपराचं टूलच नाही. मग स्केचअप मेक २०१७ घेतलं (फुकट डेस्कटॉप व्हर्जन तेच शेवटचं). मापं अशी: रुंदी भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत २४ फूट, लांबी ४० फूट, भिंत १० फूट, दोन्ही टोकांच्या भिंती आढ्यापर्यंत त्रिकोणी चढवलेल्या, पडवी ८ फूट.

अडलंय ते असं:

एक म्हणजे मी भिंतीच्या माथ्यापासून छपराचे दोन तक्ते ओढले आणि नंतर खाली कैची बसवायला गेलो तर ती कौलातून वर डोकावते. खाली सरकवली की भिंतीत घुसते. दोन दिवस यातच गेले.

दुसरं म्हणजे कैचीची एक पट्टी हलवली की बाकीच्या पट्ट्या तिच्याबरोबर ताणल्या जातात.

आणि तिसरं, सेक्शन प्लेन (मॉडेल कापून आतलं दाखवणारं टूल) टाकला तर फक्त भिंती कापल्या जातात, छप्पर तसंच राहतं, आणि कापलेली भिंत आतून पोकळ दिसते, कागदाची असल्यासारखी. फॅब्रिकेटरला हे कसं दाखवू?

कृपया कोणी केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १

दादा, तुमचा क्रम उलटा झालाय एवढंच. आधी छप्पर आणि मग कैची असं करू नका. आधी सेक्शन काढा, सपाट, एका उभ्या पानावर काढल्यासारखा, आणि त्यातून घर उभं करा. जुने सुतारसुद्धा जमिनीवर कैची पूर्ण मापात आखून घ्यायचे, मग लाकूड कापायचे, तेच इथे करायचं.

भिंतीच्या माथ्यावर दोन बिंदू घ्या, २४ फूट अंतराने, मधोमध उभी गाइड (आखणीची रेषा) टाका. प्रोट्रॅक्टर टूल घेऊन भिंतीच्या बिंदूवर ठेवा आणि ३० टाइप करा, तिरकी गाइड येईल. १२ फुटाला ३० अंश म्हणजे मध्ये ६ फूट ११ इंच उंची येते, वाश्याची तिरकी लांबी १३ फूट १० इंच, वळचण वेगळी. ही गाइड म्हणजे कैचीची वरची कड धरा, कौलाची नाही. कैचीवर पर्लिन (एका कैचीवरून दुसरीवर जाणारी आडवी पट्टी), तिच्यावर वासे, वाश्यांवर रिपा आणि मग कौल. समजा पर्लिन ४ इंच, वासा ३, रीप १, तर कौलाचा तळ कैचीपासून ८ इंच वर जातो, आणि हे ८ इंच उताराला काटकोनात, उभं मोजलं तर सव्वानऊ भरतात. तुमची कैची वर डोकावते कारण या ८ इंचांना तुमच्या मॉडेलमध्ये जागाच नाही.

पट्ट्या ताणल्या जातात कारण स्केचअपमध्ये उघड्या रेषा एकमेकांना चिकटतात. प्रत्येक पट्टी काढून झाली की लगेच तिचा ग्रुप करा, सगळ्या झाल्या की मिळून एक कंपोनंट. मग मूव्ह टूल, कंट्रोल दाबून कॉपी, ८ फूट सरकवा आणि एंटरनंतर x३ टाइप करा. टोकाच्या भिंती आढ्यापर्यंत आहेत म्हणजे ४० फुटात ८-८ चे पाच गाळे, मध्ये चार कैच्या पुरतात. एका कैचीत बदल केला की चारहीत होतो, म्हणून कंपोनंट, नुसता ग्रुप नको.

सेक्शनचं: तुम्ही भिंतींच्या ग्रुपच्या आत असताना प्लेन टाकलाय, म्हणून तेवढाच ग्रुप कापला जातोय. एस्केप दाबून सगळ्यातून बाहेर या आणि मग टाका. कॅमेऱ्यात पॅरलल प्रोजेक्शन लावा, प्लेनवर राइट क्लिक करून व्ह्यू अलाइन करा, आणि त्याचा सीन सेव्ह करा. कैचीतून एक सीन, दोन कैच्यांच्या मधून एक, लांबीतून एक. पोकळ दिसतं कारण कट भरून दाखवायची सोय २०१८ पासून आली, तुमच्या व्हर्जनला नाही. राइट क्लिकमध्ये क्रिएट ग्रुप फ्रॉम स्लाइस आहे, त्याने कापल्या जागेच्या रेषा वेगळ्या मिळतात, त्यात फेस (सपाट पृष्ठभाग) भरून रंग द्या. फॅब्रिकेटरला तेवढं पुरे, त्याला थ्रीडीपेक्षा मापं लिहिलेला हा एक कागद जास्त कामाचा.

आणि रिपांचं अंतर नेटवरून घेऊ नका, जी कौलं खरंच घालणार आहात त्यातली पाच-सहा जमिनीवर एकात एक अडकवून मोजा.

प्रतिसाद २

फ्रीकॅड बघा, तेही फुकट आहे आणि १.० व्हर्जनपासून बिमची (BIM, म्हणजे इमारतीचं मॉडेल करायची) टूल्स आतच येतात. त्यात छप्पर, ट्रस आणि सेक्शन प्लेन तिन्ही आहेत. रूफ टूलला घराचा बंद चौकोन द्यायचा, प्रत्येक बाजूला उताराचा कोन भरायचा, जिथे त्रिकोणी भिंत आहे तिथे ९० टाकायचा की दुपाखी छप्पर तयार. भिंतीची लांबी बदलली की छप्पर पुन्हा काढावं लागत नाही. शिकायला मात्र वेळ जातो, पावसाआधी काम हवं असेल तर स्केचअपच बरं.

प्रतिसाद ३

मी साइटवर काम करतो म्हणून एक कळकळीने सांगतो. मॉडेलमध्ये कैची भिंतीवर नुसती टेकलेली दिसते आणि लोक प्रत्यक्षातही तशीच टेकवतात. वादळात वारा छपराला वर उचलतो, खाली दाबत नाही. चिऱ्याच्या भिंतीवर सलग आरसीसी बँड (सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा) घाला, त्यात बोल्ट सोडा, बेसप्लेट त्यावर आवळा, आणि हा जोड मॉडेलमध्ये काढा म्हणजे तो विसरला जाणार नाही. वळचणीच्या आणि टोकाच्या ओळीची कौलं रिपेला तारेने बांधा. पाइपचा साइझ मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या, सॉफ्टवेअर चित्र काढतं, वजन उचलून बघत नाही. एका कौलाचं वजन अडीच किलोच्या आसपास धरलं आणि चौरस मीटरला साधारण १५ कौलं, तर नुसतं कौलांचंच ३५-४० किलो होतं, भिजल्यावर आणखी. पत्र्यासाठी केलेल्या कैचीवर कौलं चढवू नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री दोनपर्यंत बसलो आणि कैची बसली, डोकावत नाही! पण सेक्शन काढल्यावर वेगळंच दिसलं. तोच ३० अंशाचा उतार पडवीवर पुढे नेला, ८ फूट पडवी आणि २ फूट वळचण, तर वळचणीची कड जमिनीपासून फक्त ४ फूट ३ इंचावर येतेय. काहीतरी चुकलंय का?

प्रतिसाद १

गणित बरोबर आहे, १० फुटात पावणेसहा फूट उतार जातो. पण पडवीची जमीन माजघराच्या लेव्हललाच धरलीय का? बहुतेक घरांत ती पायरीभर खाली असते. आणि उतार २० अंशावर आणून उंची मिळवायचा मोह होईल, तो करू नका, कोकणातल्या पावसात वाऱ्याने पाणी कौलाखालून आत चढतं. त्यापेक्षा चिऱ्याचे दोन थर वाढवा.

धागाकर्ता

बरोबर, पडवी ९ इंच खाली आहे. बाबांना फोन करून जुना खांब मोजायला लावला, ६ फूट २ इंच भरला, आणि मॉडेलमध्ये ३० अंशाला त्या जागी ६ फूट दीड इंच येतंय. म्हणजे आजोबांच्या वेळचा उतार हाच होता. बाबा म्हणाले, अरे आम्ही सगळे वाकूनच आत यायचो, तुला आठवत नाही का. वळचण ५ फुटावर, वाकणारच. दीड फूट उंची वाढवून साडेसहा करतोय, आईचे गुडघे आणि कंबर दोन्ही धड नाहीत आता.

शेवटचं एक: पडवी जिथे विहिरीकडे वळते तिथला कोनवासा (दोन पाखी कोपऱ्यात मिळतात तिथला तिरका वासा) ३० अंशात फिरवून बसवला तर तो दोन्ही पाख्यांच्या वर निघतो.

प्रतिसाद १

कोनवासा ३० अंशात नसतोच. उंची तेवढीच पण तो कर्णावरून जातो, म्हणून दोन्ही पाखी ३० ची असतील तर तो २२ अंशांच्या थोडा वर येतो. फिरवत बसू नका, वरचा कोपरा आणि खालचा कोपरा सरळ रेषेने जोडा, कोन आपोआप येईल, आणि तो उभा कापून त्याचाही एक सेक्शन सुताराला द्या.