टाळेबंदीत पाखरे वाढली होती, की ती ऐकू येऊ लागली होती?

प्रश्न (साकोली तालुका, जिल्हा भंडारा)
२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली, तेव्हा आमच्या गावाजवळून जाणारा मुंबई–कोलकाता महामार्ग काही दिवस जवळजवळ मुका झाला होता. पहाटे अंगणात उभे राहिले की तलावाच्या पाळीवरची टिटवी आणि वावराच्या धुऱ्यावरचा भारद्वाज इतके स्पष्ट ऐकू येत, की मी वहीत रोजच्या नोंदी ठेवू लागलो. ती वही चाळताना आता शंका येते : पाखरे खरोखर वाढली होती, की होती तेवढीच होती आणि मधला गोंगाट तेवढा सरला होता? आपापल्या गावचा अनुभव कृपया सविस्तर लिहावा.

उत्तर (निवृत्त शिक्षक, अर्जुनी मोरगाव)
दोन-तीन आठवड्यांत पाखरांची संख्या वाढत नसते. अंडी घालून पिल्ले उडेपर्यंतच त्याहून अधिक काळ जातो. शिवाय एप्रिल हा कोकिळेच्या ओरडण्याचाच महिना असल्यामुळे ऋतूचा वाटा वेगळा काढावा लागेल. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे त्याच वसंतात संशोधकांनी एका जातीच्या चिमण्यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा वाहने कमी झाल्यावर त्या पूर्वीपेक्षा हळू आवाजात गात असूनही त्यांचे गाणे अधिक दूर पोहोचत असल्याचे आढळले. म्हणजे केवळ आपले कानच मोकळे झाले असे नाही. निदान तिथे तरी पाखरांनीही आपला सूर बदलला होता. आपल्याकडील टिटवीबद्दल मात्र यावरून थेट निष्कर्ष काढू नये.

उत्तर (कुरखेडा तालुका, जिल्हा गडचिरोली)
आम्ही बायका दरवर्षी पहाटे मोह वेचायला जातो. त्या वर्षी वाळलेल्या पाल्यावर फूल पडल्याचा टप असा आवाजही ऐकू येत होता, आणि त्यामुळे मोहासाठी आलेल्या अस्वलाची चाहूल आम्हाला लांबूनच लागून वेळीच मागे फिरता आले. पण जनावरे ‘परत आली’ असे कुणी म्हटले की मला ते पटत नाही. ती आमच्या जंगलातून कधी गेलीच नव्हती. आठवडी बाजार बंद असल्याने वेचलेला मोह घरातच पडून राहिला, हेही त्याच शांततेत घडले.

उत्तर (हिंगणघाट तालुका, जिल्हा वर्धा)
आमच्याकडे रोही एरवी रात्री वावरात शिरतात. त्या एप्रिलमध्ये मी त्यांना भर दुपारी विहिरीजवळ उभे पाहिले. मात्र आमचे गाव नागपूर–हैदराबाद महामार्गावर आहे, आणि ट्रक थांबल्यावर त्या रस्त्याने डोक्यावर बोचकी घेतलेले मजूर उत्तरेकडे चालत गेले. रात्री खाटेवर पडल्यावर घुबडाच्या आवाजाबरोबर त्यांच्या चपलांचा आवाजही येत असे, त्यामुळे त्या दिवसांची शांतता मला आजही निर्मळ सुखाची वाटत नाही. आपल्या वहीत पाखरांसोबत त्या चालणाऱ्यांची नोंद आहे काय?

प्रश्नकर्ता
नाही, आणि ती असायला हवी होती. पाणी द्यायला आम्हीही रस्त्यावर गेलो होतो. शिक्षकांच्या सूचनेवरून नोंदी पुन्हा तपासल्या. वाहने सुरू झाल्यानंतरच्या जूनमध्येही ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा रोज नोंदला आहे, टिटवी मात्र मेच्या मध्यापासून वहीत नाही. येत्या एप्रिलमध्ये त्याच अंगणात, त्याच वेळी पंधरा दिवस उभा राहून पुन्हा मोजतो आणि येथे कळवतो.