दुपारी एडीसीचं रीडिंग घसरतंय: लीकेज कुठं शोधावं?

प्रश्न: शिरोलीच्या फाउंड्रीत 24 व्होल्ट बॅटरी मॉनिटर बसवलाय. डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारे दोन रेझिस्टर) 1 मेगओहम आणि 150 किलोओहम, पिनवर बीएटी54एस क्लॅम्प (जादा व्होल्टेजपासून पिन वाचवणारी शॉट्की डायोडची जोडी), 12 बिट एडीसी (व्होल्टेज मोजून आकडा देणारा भाग), रेफरन्स 3.3 व्होल्ट. सकाळी रीडिंग बरोबर येतं, शेड तापली की 15-20 काउंट (एडीसीच्या आकड्याचे टप्पे) कमी. पिनवर 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला, फरक नाही.

उत्तर 1: कपॅसिटर सॅम्पलिंगचा झटका सावरतो, सततची गळती (लीकेज) नाही. तुमचा सोर्स रेझिस्टन्स (पिनला दिसणारा, दोन्ही रेझिस्टर समांतर धरून) 130 किलोओहम. त्यातून 100 नॅनोअँपिअर गेला तरी 13 मिलिव्होल्ट, एक काउंट 0.8 मिलिव्होल्टचा, म्हणजे 16 काउंट! संशय शॉट्कीवरच, तापला की त्याचं लीकेज झपाट्यानं वाढतं. हॉट एअर लांबून फक्त डायोडवर धरा, काउंट पडले तर तोच. बीएव्ही199 हा कमी लीकेजचा डायोड लावा, त्याच पॅडवर बसतो.

उत्तर 2: किंवा डिव्हायडर 100 आणि 15 किलोओहम करा, चूक दहापट घटते. बॅटरीवर लोड जेमतेम 0.2 मिलिअँपिअर.

उत्तर 3: डायोड बदलताना पिनभोवतीचा सोल्डरिंगचा फ्लक्स आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ब्रशनं नीट काढा, पूर्ण वाळवा, मगच बोर्डावर ओल रोखणारं कोटिंग. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो चिकट थर ओल धरतो आणि ट्रॅकमधून गळती सुरू होते. ओल्यावर कोटिंग मारलंत तर ओल आतच अडकते.