'पाच तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा': माजी विद्यार्थ्यांनी कॉलेजची जाहिरात करावी का?

गोदाकाठचा (धागाकर्ता)
आमचं इंजिनिअरिंग कॉलेज मराठवाड्यात, एका जिल्ह्याच्या गावी. नाव घेत नाही. परवा माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांचा निरोप आला: कॅप राउंडच्या (केंद्रीय प्रवेश फेरीच्या) आधी गुगलवर रिव्ह्यू टाका, पाच तारे द्या, स्क्रीनशॉट ग्रुपवर पाठवा. निम्मा ग्रुप गप्प, दोघं 'लिहूच नका' म्हणत बाहेर पडले. मी टाकला आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. बारावीचं लेकरू आज कॉलेज आधी मोबाइलवर बघतं. पुण्याच्या कॉलेजांखाली रिव्ह्यूंचा ढीग, आमच्याखाली २९, त्यातले ६ पार्किंगवरून भांडलेल्यांचे! शिकून मार्गी लागलेले गप्प बसले तर इथल्या जागा रिकाम्या राहणार आणि एखादी शाखाच बंद पडणार. बोला.

उदगीर-पुणे रातराणी
रिव्ह्यू मागा, बिनधास्त मागा. तारे ठरवून कशाला मागता? खूश असलेल्यांनाच गाठून चांगलं लिहून घेणं गुगलच्या नियमात बसत नाही. बक्षीस, सवलत देऊन तर नाहीच. भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ साली ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलंय. ऐच्छिक आहे, पण दिशा कळते.

गोदाकाठचा
बक्षीस कसलं, चहासुद्धा पाजला नाही कुणी.

हुरडा आणि दही
आमच्या लॅबची किल्ली चार वर्षं शिपायाच्या खिशात होती. प्लेसमेंट म्हणून जी कंपनी आली ती सेल्सची नोकरी देऊन गेली. बापानं फीसाठी बैलजोडी इकली. आता तेच लोक म्हणायलेत पाच तारे द्या. कामून देऊ? एका मास्तरनं सुट्टीत बसवून थर्मो शिकवलं, त्याला दहा देतो. पण त्याच्या नावाचा रकानाच नाही तिथं.

मास्तर, रजेवर
हुरडा, राग पटतो. पण दुसरी बाजूही ऐका. उन्हाळ्यात आम्ही प्राध्यापकच पत्रकं घेऊन तालुक्या-तालुक्यातल्या ज्युनिअर कॉलेजांत फिरतो. जागा भरल्या नाहीत तर आधी पगार थकतात. निरोप पाठवणारे सरही त्याच रांगेत उभे असणार. एक मात्र खरं, या ताऱ्यांचा नॅकला, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला, काही उपयोग नाही. तिच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या योगदानाला जागा आहे, गुगलच्या ताऱ्यांना नाही. सगळा खटाटोप प्रवेशासाठीच.

नांदेडची, आता हिंजवडीत
प्रवेशासाठीच, म्हणून तर जपून लिहायचं. कॅपच्या पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्यांत बदल नाही. आणि तो पर्याय भरला जातो कुठे? नेट कॅफेत, कॅफेवाल्याच्या सल्ल्याने, मागे रांग खोळंबलेली असताना. माझे वडील तसेच उभे होते. तिथे 'बेस्ट कॉलेज, नाइस कॅम्पस' वाचून बापाला काय कळणार? मी माझ्या कॉलेजबद्दल लिहिलं ते असं: पास झाल्याचं वर्ष, शाखा, कोणत्या विषयाला वर्षभर शिक्षक नव्हता, लायब्ररी परीक्षेच्या काळात रात्री उघडी असायची, आणि उन्हाळ्यात होस्टेलला टँकर दिवसाआड. तारे चार. ऑफिसातून फोन आला, ताई, तेवढी टँकरची ओळ काढा. नाही काढली.

हुरडा आणि दही
टँकर लिहून चार तारे? तुमचं मन लई मोठं आहे.

नांदेडची, आता हिंजवडीत
टँकर तर अख्ख्या गावालाच यायचा हो. त्याचा राग कॉलेजवर कशाला काढू?

गोदाकाठचा
स्क्रीनशॉटचं मला तेव्हाच खटकायला हवं होतं. माझा रिव्ह्यू बदलला: चार तारे, २०१४ ची बॅच, मेकॅनिकल, वर्कशॉप उत्तम, प्लेसमेंट नावापुरती. ग्रुपवरही डकवला. सरांनी बघितलंय, निळी खूण आली, उत्तर नाही. तरी 'लिहूच नका' म्हणणाऱ्यांशी मी अजून सहमत नाही.

बारावीच्या मुलीचा बाप, परतूर
ताई, मुलींच्या होस्टेलचं दार रात्री किती वाजता बंद होतं? हे कुणीच लिहीत नाही.

नांदेडची, आता हिंजवडीत
आमच्या वेळी साडेसातला, काका. आताचं विचारून रिव्ह्यूत घालते.